थंडोबाचा डबा

माझ्या भाऊजींना ताई थंडोबा म्हणायची, आणि उगाच नाही. औषधी रोपांच्या नर्सरीत कामाला, तिथला फ्रिज कायम बिघडलेला. मग ओल्या वाळूत मिसळलेलं बी डब्यात भरून घरच्याच फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी! मी एकदा मसाला समजून झाकण उघडलं, तर म्हणाले, "झोपू दे त्याला. थंडी पुरल्याशिवाय ते उगवायचं नाही."

थंडी पुरली की डबा नर्सरीत, आणि त्याच्या जागी दुसरा. ताई कुरकुरायची, "माझ्या भाजीला जागा नाही, आणि यांची बाळं बघा कशी गारव्यात लोळताहेत!"

मग ताईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनीही हात टेकले. एकदा ती भाऊजींना म्हणाली, "इतकी वर्षं फ्रिज दिला तुम्हाला, पण एक कोंब कधी घरी दिसला नाही. या खेपेला इथं खिडकीत पेरा. तेवढं बघून जाते."

डब्याची थंडी निम्मीही झाली नव्हती. कुणी घाई केली की 'उतावळा नवरा' म्हणून हसणारा हा माणूस! त्यानं मुकाट्यानं अर्धं बी काढलं आणि ट्रेमध्ये पेरलं.

माती ढिम्म. ताई रोज मान उचलून विचारायची, "आलं का हो?"

"येईल."

"मालकावर गेलंय मेलं!" ती हसायची आणि मग खोकत राहायची. मला बघवेना. स्वयंपाकघरात मी भाऊजींना गाठलं. "अहो, मूठभर मोहरी टाका त्यात. लगेच हिरवं होईल. तिला काय कळतंय?"

"तिला कळणार नाही?" ते म्हणाले. "माझ्याबरोबर संसार केलाय तिनं."

ताई गेली. ट्रे तसाच कोरडा, काळा.

पुढे तिची औषधं टाकून द्यायला मी फ्रिज उघडला. मागे तो डबा होता, उरलेल्या बियांचा. त्या डबड्याचा मला असा संताप आला! तोही फेकणार होते, पण झाकण निघालं. वाळूभर पांढरे कोंब.

मी हाक मारली. भाऊजी आले, बघत राहिले. वाटलं, नेहमीसारखं शांतपणे झाकण लावतील. तर डबा पोटाशी धरून फरशीवर मटकन बसले, आणि आमचा थंडोबा हंबरडा फोडून रडला.

"आता कशाला आलात रे? आता कशाला?"