समोरचं प्रकरण कोणापाशी?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लांजेवार बाईंचं नाव घेतो. आई-वडिलांनी मला वाढवलं, पण ढिवरटोलीतल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या पोराला पुस्तकाची भूक लावली ती बाईंनी. त्याआधी आमच्या घरात जाळी होती, डोंगा होता, छापलेला कागद मात्र एकही नव्हता. पुढे मी पदवीधर झालो. टोलीतला पहिलाच.

बाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पुस्तक कापताना. पवनी तालुक्यातलं आमचं छोटं गाव, तलावाच्या पाळीजवळची शाळा, चौथीचा वर्ग. टेबलावर रंगीत पुठ्ठ्याचं जाड पुस्तक आणि बाईंच्या हातात दाढीचं ब्लेड. पुस्तकाला पाय लागला तरी पाया पडणारी आम्ही मुलं. शेतकऱ्यांच्या मोहल्ल्यातला भागरथ घाबरून म्हणाला, "बाई, पाप लागन न."

बाईंनी मान वर केली नाही. "पाप कायचं? एकाच्याच हाती गेलं तं बाकीचे उपाशी राहतेत."

ती चिमी नावाच्या अनाथ मुलीची गोष्ट होती. चिमी एका म्हाताऱ्या नावाड्याबरोबर नदीने हिंडते आणि प्रत्येक पुस्तकात नव्या घाटाला लागते. ही सगळी मालिका बाईंच्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी नागपूरहून एकेक करून आणली होती. आता बाई तिचं प्रकरण न् प्रकरण सुटं करत, दाभणाने शिवत आणि एकेका मुलाच्या घरी कायमचं ठेवायला देत. बाकीच्यांनी त्याच्या घरी जायचं, तिथेच बसून वाचायचं आणि समोरचं, म्हणजे पुढचं प्रकरण ज्याच्याकडे असेल त्याचं घर गाठायचं. शाळेत अदलाबदल चालत नसे. बाई आम्हाला हाकही प्रकरणाने मारत. मी सातव्या, भागरथ आठव्या.

संध्याकाळी गावात "समोरचं कोणापाशी आहे बे?" एवढंच ऐकू येई.

भागरथ आमच्या टोलीत पहिल्यांदा आला तेव्हा अंगणात मासोळ्या वाळत होत्या. आईने पुढे केलेला पाण्याचा गिलास त्याने घेतला नाही. सातव्या प्रकरणात चिमीची नाव फुटते. तो वाचत वाचत शेवटच्या पानाशी आला, घसा खाकरला आणि मान खाली घालूनच आईला पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओसरीवर बसून मी आठवं वाचलं. टोलीतलं कोणी त्या ओसरीवर याआधी बसलं नव्हतं. त्याची आजी आतून बडबडत होती. भागरथ म्हणाला, "तू वाच, ते रोजच बोलते."

पुढे तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी गावात येऊ लागली. पटावरची मुलं गळत गेली. बाई घरोघर फिरून आयांना विनवत, "एक साल ठेवा न माझ्यापाशी." आया त्यांना चहा पाजत आणि सकाळी लेकराला गाडीत बसवत. बाई निवृत्त झाल्या, त्यानंतर शाळाही बंद झाली.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी निदान एक पुस्तक पुन्हा अख्खं शिवायचं, असं बाईंनी मनात घेतलं. मी वरठीला नोकरीला आहे. सुटी काढून गेलो आणि त्यांना मोटारसायकलवर बसवून घरोघर हिंडवलं. आमचं सातवं आईने पत्र्याच्या पेटीत जपलेलं होतं. बाकी कुठे उदईने पानं खाल्लेली, कुठे त्यांनी चूल पेटवलेली, कुठे दाराला कुलूप आणि माणसं हैदराबादला कामाला.

भागरथ आता त्या इंग्रजी शाळेचीच गाडी चालवतो. आम्ही गेलो तेव्हा तो गाडी धूत होता. बाईंच्या पाया पडला. म्हणाला, "बाई, घरकुल बांधलं तवा जुनं घर पाडलं. सारं मातीत गेलं. आता पोरं मोबाईल पाहतेत, तुम्ही कायले जमा करून राहिल्या?"

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या परत माझ्या मोटारसायकलवर बसल्या. तलावाची पाळ आली. मग माझ्या पाठीमागून आवाज आला, "सातव्या, माझंच चुकलं का रे? न कापता ठेवलं असतं तं आज अख्खं राहिलं असतं."

मी गाडी त्यांच्या घराशी थांबवली. उतरताना मी सातवं प्रकरण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते परत केलं. "एकट्याचं काय करू? तुझ्यापाशीच राहू दे."

यंदा धान निघाल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"ती. बाईंस साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुम्ही गाडीवर विचारलं होतं, त्याचं उत्तर लिहायला मी कितीदा बसलो. पुस्तक कापलं नसतं तर भागरथ आमच्या घरचं पाणी प्यायला नसता, हे मला लिहायचं होतं. तेवढ्यात परवा माझ्या मुलीने सातवं वाचलं. आमचा नियम मी तिला आधीच सांगितला होता. नाव फुटली, पानं संपली. तिने चप्पल घातली आणि दारात उभी राहून विचारलं, 'बाबा, समोरचं कोणापाशी आहे?' बाई, मला एकाही घराचं नाव सांगता आलं नाही. ती अजून रोज विचारते.

आपला,
सातवा"