मोटार कंपनीत मी आणलेले नियम

प्रवासी गाड्यांच्या धंद्यात किस्से आपोआप साचतात. आमच्या नगरच्या मोटार कंपनीतले निम्मे माझ्यावरचे आहेत, म्हणून मी ते सांगायचं टाळत होतो.

स्वराज्य नुकतंच आलं होतं. मी ताजा बी.ए. मालकांनी मला नोकरांची भरती, रजा, तक्रारी पाहायला ठेवलं. पहिल्याच दिवशी मी न्यायावर भाषण ठोकलं. जुने ड्रायव्हर गेनूभाऊ शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. लवकर दमलं म्हंजे झालं."

*

मी तक्रारपेटी लावली. महिनाभर एकही चिठ्ठी नाही. 'सर्व नोकर समाधानी,' असं मी मालकांना लिहून दिलं.

गेनूभाऊ म्हणाले, "भाऊसाहेब, पेटी मालकाच्या दाराला ठोकलीया. चिठ्ठी टाकनारा आत दिसतो की."

*

भरतीच्या वेळी एका उमेदवाराला मी विचारलं, "जनतेची सेवा का करावीशी वाटते?"

"मला वाटलं, कंडक्टर पायजे हाय," म्हणत तो उठलाच.

*

रजेचा अर्ज आठ दिवस आधी, हा नियम माझाच. कंडक्टर रामभाऊची आई मिरजगावला वारली. तो रजा मागायला आला, तर मी नियम दाखवला.

"म्हातारीला सांगायचा राहिला, भाऊसाहेब," म्हणाला आणि गावी निघून गेला. त्याची गैरहजेरी मी मांडली.

*

मग ड्रायव्हरांची नजर तपासायची टूम काढली. डॉक्टरांकडून अक्षरांचा तक्ता आणून भिंतीवर टांगला. सगळ्यांसमोर गेनूभाऊंना विचारलं, "वरचं अक्षर कोणतं?"

ते तक्त्याकडे बघत राहिले. मागे रामभाऊ आणि बाकीची मंडळी उभी होती.

"दिसत न्हाई," ते म्हणाले.

मी 'नजर अधू' लिहिलं. मालकांनी त्यांना गाडीवरून उतरवून फाटकावर बसवलं. हजेरीवर त्यांचा अंगठा रोज मीच उठवून घेत होतो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठवड्याने मी फाटकाशी उभा होतो. लांब रस्त्यावर नुसता धुरळा दिसत होता.

"कोपरगावची आली," गेनूभाऊ म्हणाले. "टपावर उसाची मोळी हाय. डावा दिवा फुटलाय."

गाडी आत आली. मोळी होती. डावा दिवा फुटलेला होता.

मी त्यांचा हात धरला. "चला मालकांकडे. नजर चांगली आहे, फक्त वाचता येत नाही, एवढंच सांगू."

त्यांनी हात सोडवून घेतला.

"या पोरांच्या देखत? नगं, भाऊसाहेब. आंधळाच बरा हाय मी."