निकालाचा रकाना

मी पोलिसांकडे नोकरीला होते हे कळलं, की इंदिरानगरातल्या आमच्या बाकावरच्या बायका सरसावून बसतात. "सांगा ना एखादा दरोडा!"

अहो, कसला दरोडा? मी रेकॉर्डला होते. माझ्यासमोर चोर कधी आला नाही, चोराचं नाव यायचं. आणि मागाहून 'नाव काढून टाका' म्हणणारे यायचे. असले किस्से कोणी हौसेने जमवत नाही. दप्तरावरच्या धुळीसारखे ते आपोआप बसत जातात, आणि झटकायला गेलं की शिंका आपल्यालाच!

वडील हवालदार होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला कारकून म्हणून घेतलं, शहात्तर साली. कचेरी नाशिकचीच, कुठली ते विचारू नका. एक खोली, लाल रुमालांत बांधलेली अटकेची रजिस्टरं आणि त्यांच्या मधोमध आमचे हेडक्लार्क पाठकअण्णा. रजिस्टरात नाव, गाव, अंगावरची खूण, गुन्हा, अटक करणारा, आणि सगळ्यात शेवटी निकालाचा रकाना. अटक लिहायचं काम पोलिसांचं, ते त्याच दिवशी व्हायचं. कोर्टाचा निकाल आणून लिहायचं काम कोणाचं, हे मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. रकाने रिकामेच.

अण्णांचा एकच कायदा. रजिस्टर बाहेरच्याला दाखवायचं नाही. कोणी टेबलाशी आलं की ते उघड्या पानावर कोपर ठेवून बसायचे.

*

कळवणकडचे एक म्हातारबाबा आले. पोरीचं लग्न ठरवत होते. माझ्याजवळ वाकून म्हणाले, "बहीण, मन्हा जवाईनं नाव शे का या वहीमा?"

मी म्हटलं, "बाबा, ज्याचं नाव त्यानेच अर्ज करायचा. दुसऱ्याला सांगता येत नाही."

पुढच्या आठवड्यात बाबा होणाऱ्या जावयालाच दंडाला धरून घेऊन आले! पोरगा घामाघूम. अर्ज झाला, त्यांच्या गावाची पानं काढली. अण्णांनी बोट फिरवत फिरवत सगळी पाहिली, मग चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं.

"जावई निरंक आहे. पाटाच्या पाण्यावरून डोकं फोडलेलं एक नाव आहे, पण ते सासऱ्याचं."

लग्न झालं म्हणे. जावई जन्मभर सासऱ्यासमोर ताठ बसला असणार.

*

आता गांगुर्डे.

वामन गांगुर्डे मी लागले त्याच वर्षी पहिल्यांदा आला. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतला, वडील रेल्वेत गँगमन. बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या धान्यासाठी मोर्चा निघाला, त्यात कॉलेजातला हा पोरगा होता. दुसऱ्या दिवशी जीप थेट वस्तीत गेली. हवालदाराने मधल्या चौकात उभं राहून नाव पुकारलं आणि याला घेऊन गेला. वर्षभराने कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. याने मास्तरकीचं शिक्षण पूर्ण केलं, शाळेत निवडही झाली, आणि मग शाळेच्या ऑफिसातून आमच्याकडे चौकशीचं पत्र आलं.

आम्ही काय कळवणार? रजिस्टरात अटक होती. निकालाचा रकाना रिकामा.

"मॅडम, मी सुटलोय," तो म्हणाला.

"कोर्टातून निकालाची नक्कल आणा," अण्णा म्हणाले.

खिडकीबाहेर कडुनिंबाखाली त्याचे वडील उभे होते. मी म्हटलं, आत येऊन बसू दे त्यांना, ऊन आहे.

"येणार नाहीत. म्हणतात, बोलावल्याशिवाय पोलिसाच्या दारात पाय ठेवणार नाही."

ती नोकरी गेली.

*

विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी यायचे. तरुणपणी मारामारीत सापडलेले, आता सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. खिशातून त्यांनी दाढीच्या ब्लेडचं कोरं पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, लय न्हाई, येवढी एक ओळ खरवडा. कोनाला कळनार बी नाय."

अण्णांनी ब्लेड परत केलं. "शेठ, खरवडलं तर शेजारी माझी सही लागते. आणि खोडलेलं नावच माणूस आधी वाचतो."

शेठ विचारात पडले. म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या. सध्या कोनी वाचीत नाय, तेच बरंय."

*

एका हेडमास्तरांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्याच नावाचा, वडिलांचंही तेच नाव असलेला एक सायकलचोर आमच्या रजिस्टरात होता. मास्तरांचं प्रमोशन अडकलं. खुणेच्या रकान्यात होतं, 'डाव्या हाताची करंगळी नाही'.

मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. "मोजा!"

अण्णांनी मोजली. खरंच मोजली! दहा भरली.

"लेखी द्या," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी तिथेच अर्ज लिहिला, 'मला हाताला दहा बोटे असून ती सर्व माझीच आहेत.' अण्णांनी वाचून परत दिला. "साक्षांकित करून आणा."

मास्तर खरंच तालुक्याला जाऊन एका मोठ्या साहेबासमोर बोटं पसरून आले. हसू नका, त्यांचं प्रमोशन झालं! पण त्या दिवशी ते पायऱ्या उतरत होते तेव्हा त्यांचे हात खिशात होते, आणि मला अण्णांचा फार राग आला होता.

*

गांगुर्डे दुसऱ्यांदा आला तेव्हा चार वर्षं उलटली होती. मधल्या काळात तो सातपूरला कारखान्यात हंगामी लागला होता. पुन्हा शाळेची निवड, पुन्हा चौकशीचं पत्र.

"कोर्टात गेलो होतो, मॅडम. ते म्हणतात, केसचा नंबर सांगा, मग नक्कल मिळेल. आमचे वकील वारले. नंबर तुमच्या रजिस्टरात आहे."

"रजिस्टर दाखवता येत नाही," अण्णा म्हणाले. कोपर पानावर.

म्हणजे बघा, नंबर आमच्याकडे, तो सांगता येत नाही. निकाल कोर्टाकडे, तो नंबराशिवाय मिळत नाही. आणि माणूस दोन्हींच्या मध्ये कडुनिंबाखाली!

तीही नोकरी गेली. मी घरी जाऊन जेवले नाही. आईने विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय.

*

सगळे नाव काढायला यायचे, एकच आजोबा नाव शोधायला आले. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते, स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी पुरावा हवा होता. मी त्या वर्षाचा रुमाल सोडला, तर आत मातीचा भुगा. वाळवीने पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं फस्त केलं होतं.

आजोबांनी चिमूटभर भुगा बोटांत घेऊन पाहिला. मग टोपी नीट करत म्हणाले, "इंग्रजाने धरलं, आणि तुमच्या वाळवीने सोडलं!"

*

गांगुर्डे तिसऱ्यांदा आला तो त्र्याऐंशी साली. केस कानाशी पांढरे झालेले. सरकारी नोकरीच्या वयाची मर्यादा संपायला सहा महिने उरले होते. या वेळी त्याने काहीच मागितलं नाही. नुसता बाकावर बसला.

अण्णा निवृत्तीला आले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाई, बहात्तरच्या जुन्या पानांची नवी प्रत केलीय ना? तिची रुजवात राहिलीय. घ्या."

रुजवात म्हणजे नकलेची मुळाशी गाठ घालणं. एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर खूण करत जायचं. आम्ही ती नेहमी पुटपुटत करायचो.

"मोठ्याने वाचा," अण्णा म्हणाले. "मला हल्ली कमी ऐकू येतं."

अण्णांना उंदीर चाललेला ऐकू यायचा!

मी वाचत गेले. वामन गांगुर्डे, नाशिकरोड. केसचा नंबर. तो दोनदा वाचला. बाकावरून पेन्सिलीचा आवाज आला. मग पुढचा रकाना आला, अटक करणाऱ्याचा, आणि मी थांबले. हवालदार शिंदे. माझे वडील.

"वाचा, बाई," अण्णा हळू म्हणाले.

मी वाचलं. गांगुर्डेने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

कोर्टातून नक्कल मिळायला सात महिने लागले. ती आली त्या दिवशी मी लाल शाईने निकालाचा रकाना भरला. अण्णांनी स्वतः दाखला लिहिला. गांगुर्डेचं वय उलटून तोवर तीन आठवडे झाले होते.

अण्णा दाखला हातात धरून म्हणाले, "आता हा देणार कुठे?"

"कुठे नाही. वडिलांना वाचून दाखवीन."

अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "बाई, त्यांना बोलवा. मी बोलावलंय म्हणावं."

मी कडुनिंबाखाली गेले. म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, "मला बोलावलंय?" मग आले. दाराशी चपला काढायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू द्या पायात."

आणि अण्णा उभे राहिले. साहेबांशिवाय कोणासाठी खुर्ची न सोडणारे पाठकअण्णा! मला म्हणाले, "मूळ रजिस्टर तुम्ही धरा. रुजवात करायची." मी त्या म्हाताऱ्यासमोर पान पूर्ण उघडं केलं. कोपर कोणाचंच नव्हतं.

अण्णांनी वाचलं, "वामन गांगुर्डे यांची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली असून, त्यांच्याविरुद्ध आमच्या दप्तरी दुसरे काहीही नाही."

म्हातारे माझ्याकडे वळले. "बराबर हाय का, बाई?"

"बरोबर आहे, बाबा."

खिडकीबाहेर व्हरांड्यात कामाला आलेल्या लोकांची रांग होती.

"साहेब," ते म्हणाले, "तवा चौकात नाव पुकारलं व्हतं. जरा मोठ्यानं वाचा."

अण्णांनी आधी खिडकी उघडली.