‘लेटिंग यू गो’ म्हणजे काय

“वी आर लेटिंग यू गो,” मॅनेजर म्हणाला.

मी म्हणाले, “थँक यू, सर.”

केबिनमधले तिघंही हसले. एकाला चहाचा ठसका लागला.

मावसबहिणीच्या लग्नाला आटपाडीला जायचं होतं. सुट्टी मागितली होती. लेट म्हणजे परवानगी, गो म्हणजे जा. माझं शाळेतलं इंग्रजी तेवढंच. वाटलं, सुट्टी मिळाली.

“हिला सांगा रे कुणीतरी,” मॅनेजर डोळे पुसत म्हणाला. कुणी सांगितलं नाही.

गेटवर वॉचमनकाकांनी माझं कार्ड मागून घेतलं. खाली बघत म्हणाले, “पोरी, कामावनं काढलंय तुला. साहेब लोकं तसंच बोलत्यात.”

गाल पेटले. मला हाकललं, आणि मी आभार मानले. कामावर घेताना हाच मॅनेजर माझ्याशी मराठीत बोलला होता.

का काढलं, ते मला ठाऊक होतं. लोणंदच्या त्या कारखान्यात मी रोलरवर होते. दोन रोलरमधून रबर ओढायचं. हात आत जाऊ नये म्हणून पुढं जाळी असते, ती त्यांनी काढून टाकली होती. जाळी असली की माल कमी निघतो म्हणे. शेजारच्या मशीनवरच्या शालनची बाही रोलरनं ओढली. बाही फाटली म्हणून हात वाचला. त्या दिवसापासून मी सगळ्यांसमोर जाळी मागत होते.

आई म्हणाली, “गप बस. दुसरीकडं लागशील.”

गप बसवेना. सकाळी पाळीच्या आधी गेटवर गेले. बायका आत जायला थांबल्या होत्या. माझ्या जागी नवी पोरगी आली होती. गळ्यात मोकळी ओढणी.

मॅनेजर गाडीतून उतरला. माझ्याकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोलला.

“मराठीत बोला. मला का काढलं ते ह्या सगळ्यांपुढं सांगा.”

“आवाज खाली!”

आता त्याला मराठी आली.

मी पोरीकडं वळले. “ओढणी काढून ठेव. जाळी बसवल्याबिगर मशीनला हात लावू नगंस.”

तिनं मॅनेजरकडं बघितलं. भोंगा झाला. ती आत गेली, ओढणीसकट. सगळ्या गेल्या.

शालन तेवढी थांबली. “आता आपल्याला हितं कुणी कामाला घ्यायचं न्हाई गं.”

“न्हाई तर न्हाई.”

आत रोलर सुरू झाले. आम्ही दोघी किंकाळीची वाट बघत असल्यासारख्या कान देऊन उभ्या होतो.

मी रोज येणार. जाळी बसेपर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकीला अडवून सांगणार. मोठ्यानं. पोलिस बोलवायचे तर बोलवू देत.