खंडेनवमीला उघडलेलं झाकण

नगरच्या कोर्टात माझं नाव बांधाच्या भांडणांसाठी होतं. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाचं पाणी कोणाच्या वाफ्यात शिरलं, यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बाररूममधल्या खुर्च्यांइतका जुना झालो तेव्हा लोक मला 'सीनियर' म्हणायला लागले. यात माझं कर्तृत्व इतकंच, की माझ्या आधीचे एकेक करून घरी बसले. असा मी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एक जर्मन कंपनी आणि आपलं लष्कर यांच्या मधोमध रणगाड्यांच्या तंत्रज्ञानाचा कायदेशीर सल्लागार होऊन बसलो. कसा बसलो ते सांगतो. कसा आपटलो ते ओघात येईलच.

काष्टीच्या एका शेतकऱ्याची बांधाची केस मी जिंकून दिली होती. त्याचा धाकटा भाऊ लष्कराच्या एका वर्कशॉपात फोरमन होता. पुढे नोकरी सोडून त्यानं नगरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड टाकली, एक लेथ आणि एक ड्रिल मशीन बसवलं. मालक झाला तरी सगळे त्याला फोरमनच म्हणायचे, तोही त्यालाच ओ द्यायचा.

या फोरमननं रणगाड्याच्या इंजिनासाठी हवेची गाळणी बनवली होती. वाळवंटात रणगाडा धावला की इंजिन हवेबरोबर धूळ ओढतं, गाळणी तुंबते, आणि थांबून ती धुवावी लागते. समोरून गोळे येत असताना गाळणी धूत कोण बसणार? फोरमनच्या डब्यात आत वळणदार पाती होती. हवा आत शिरली की तिला अशी गिरकी बसायची, की धूळ कडेला फेकली जाऊन खालच्या भोकातून आपोआप बाहेर पडायची. बाहेरून पाहिलं तर रॉकेलचा डबा. करामत सगळी आतल्या पात्यांच्या वळणात.

लष्करानं तो डबा झाकण बंद ठेवून चालवून पाहिला. त्या चाचणीला आलेल्या जर्मन इंजिनिअरनंही पाहिला आणि त्याच्या कंपनीचा प्रस्ताव आला. यंत्रं कंपनी देणार, माल नगरच्या शेडमध्ये बनणार, आपल्या लष्कराला जाणार आणि आणखी दोन-तीन देशांनाही. शोध फोरमनच्या नावावर राहणार, त्याच्या संमतीशिवाय जगात कोणी तो डबा बनवायचा नाही. अट एकच, फोरमननं आधी पेटंटचा अर्ज करायचा. पेटंट नसेल तर फोरमनची गरजच काय, डबा कोणीही बनवू शकतो.

भावाची केस जिंकली म्हणून फोरमन माझ्याकडे आला. 'मुंबईला जा, तिथे या कामाचे वकील आहेत,' असं मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बसा. चहा घ्या."

पेटंटचा नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. मुंबईहून पुस्तक मागवून मी तो वाचला आणि एका वाक्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. अर्ज करण्याआधी वस्तू लोकांसमोर उघड झाली, तर ती कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही आणि पेटंट मिळत नाही. हे वाचल्यावर माझ्या अंगात गुप्तहेर शिरला. फोरमनला मी कपाटाला दोन कुलुपं लावायला लावली. मेव्हण्यालाही काही सांगू नका, असं बजावलं. बाररूममध्ये कोणी विचारलं, की मी खिडकीबाहेर बघत म्हणायचो, "राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, बोलता येत नाही." तिथले लोक गालात हसायचे. मला तो मत्सर वाटायचा.

अर्ज टाईप होऊन तयार झाला तो नेमका पितृपक्षात. पितृपक्षात घरात नवी चादर आणत नाहीत, मग नवा शोध कसा दाखल करायचा? फोरमनचं म्हणणं पडलं, की टाकून मोकळं व्हावं. मीच म्हणालो, नको, इतके दिवस थांबलो, आता दसऱ्याच्या मुहूर्तावर सही करू आणि सुट्टी संपली की मी स्वतः मुंबईला नेऊन देतो. जर्मन इंजिनिअरनं पत्रातून विचारलं, अर्ज झाला का? मी कळवलं, प्रक्रिया चालू आहे. पंचांग हा त्या प्रक्रियेचा भाग होता, हे त्याला कळवलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. वसाहतीतल्या प्रत्येक शेडमध्ये यंत्रं धुऊनपुसून ठेवतात, पान्यांना, कानशींना हळदकुंकू लागतं, येईल त्याच्या हातावर पेढा ठेवतात. ते दुष्काळाचं साल होतं, झेंडूची फुलं बोटांवर मोजावीत अशी, तरी फोरमननं लेथला हार घातला होता. आणि मधोमध, पाटावर, तो डबा. आजूबाजूचे कारखानदार आले होते, वर्कशॉपातले जुने सोबती आले होते, चाचण्यांसाठी नगरात असलेला जर्मन इंजिनिअर कपाळाला टिळा लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होता. फोरमनची बायको पूजेला बसली होती. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो.

शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं, "फोरमन, या डब्यात एवढं काय हाय हो, की जर्मनीतून मानसं येत्यात?"

फोरमन नुसता हसला. इथं मीही नुसतं हसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण इतका श्रोतृवर्ग मला कोर्टात कधी मिळाला नव्हता. मी धोतर सावरून पुढे झालो.

"उघडा हो झाकण," मी म्हणालो.

फोरमननं माझ्याकडे पाहिलं. "उघडायचं का, साहेब? तुमी तर..."

"घरचीच माणसं आहेत. उद्या सही करायची, आज देवासमोर झाकून काय ठेवायचं?"

त्यानं झाकण काढलं. मी गिरकी समजावून सांगितली, हातानं हवा फिरवून दाखवली, धूळ कशी कडेला जाते ते सांगितलं. लोक डोकावून माना डोलावत होते. वहिनी झाकणालाच कुंकू लावायला निघाल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मान आतल्या पात्यांचा आहे, त्यांना लावा." त्यांनी वाकून प्रत्येक पात्याच्या टोकाला नीट एकेक ठिपका लावला. कॅमेऱ्याचा आवाज झाला. मला वाटलं, माझा फोटो निघाला.

दसऱ्याला सही झाली, सुट्टी संपताच मी मुंबईला जाऊन अर्ज देऊन आलो आणि आल्यावर बाररूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

दिवाळीनंतर कंपनीचा मुंबईचा वकील करारासाठी नगरला आला. डाकबंगल्यावर बैठक होती. पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा पारशी गृहस्थ. शेजारी जर्मन इंजिनिअर, चेहरा पडलेला. त्यानं खंडेनवमीचे रंगीत फोटो मोठ्या कौतुकानं आपल्या कंपनीत दाखवले होते, आणि वहिनींना भेट म्हणून त्यांच्या प्रती घेऊन आला होता. कौतुक करता करता ते कंपनीच्या वकिलांच्या टेबलापर्यंत पोचले होते.

पारशी वकिलानं पहिला फोटो माझ्यासमोर ठेवला. त्यात पाट, समई आणि माझी भली थोरली पाठ. डबा पाठीमागे पूर्ण झाकलेला. त्यानं विचारलं, पूजेच्या वेळी झाकण उघडं होतं का?

स्वतःची पाठ पाहून जीव थोडा भांड्यात पडला. फोरमन शेजारीच होता. त्याच्याकडे न बघता मी म्हणालो, "बंद होतं."

त्यानं दुसरा फोटो ठेवला. त्यात मी नव्हतो. उघडा डबा होता, आत सगळी पाती, आणि प्रत्येक पात्याच्या टोकावर लाल ठिपका. ठिपक्यावरून ठिपक्यावर नजर फिरवली, की वळण असं स्पष्ट दिसत होतं जसं मास्तरानं फळ्यावर खुणा करून शिकवावं. अर्जाबरोबर जोडलेल्या आकृतीतही ते इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. आणि अर्ज त्याच्या नंतरचा.

मी म्हणालो, हा धार्मिक विधी आहे, खाजगी आहे. त्यानं विचारलं, दाराशी कोणाला अडवलं होतं का? पूजेच्या दिवशी दाराशी कोणाला अडवतात? त्यानं मान हलवली. त्या मान हलवण्यात विजय नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. 'लोकांसमोर उघड' हे शब्द मी इंग्रजीत वाचले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर लंडनमधला एखादा हॉल आला होता, हॅट घातलेली माणसं. वसाहतीतली शेड आणि पेढे खाणारा शेजारी माझ्या डोळ्यांसमोर आला नव्हता.

कंपनीला उत्तर द्यायला आम्हाला थोडी मुदत मिळाली. ते दिवस मी कसे काढले ते सांगायचं तर, अशा वेळी अन्न गोड लागत नाही असं म्हणतात, मला ते कडूही लागत नव्हतं. कायद्याचं पुस्तक मी उभं, आडवं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं. एका ठिकाणी सापडलं, की सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल तर पेटंट जात नाही. बुडणाऱ्याला तेवढं पुरलं. खंडेनवमी हे औद्योगिक प्रदर्शन आहे असं सरकारनं मागच्या तारखेनं जाहीर करावं, असा अर्ज मी दिल्लीसाठी लिहून काढला. माझा टायपिस्ट वीस वर्षं माझा प्रत्येक शब्द न वाचता टाईप करत आला होता. तो अर्ज त्यानं वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "साहेब, आज घरी जाऊन झोपा."

पुण्याला एका निवृत्त न्यायाधीशांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला लिंबाचं सरबत दिलं. त्यावरून काय ते कळलं.

मग फोरमनच्या घरी जावं लागलं. मी कायदा समजावत होतो, कलमं सांगत होतो, तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "माज्या कुंकवानं गेलं का हो, भाऊ?"

"नाही. माझ्या सांगण्यानं गेलं. लावा म्हणून मी सांगितलं, उघडा म्हणूनही मीच सांगितलं."

त्या म्हणाल्या, "तुमी बांधाच्या केशीतच बरं हुता."

फोरमन तिला गप्प बस म्हणाला. मला वाटलं, बोलू द्यावं, आणखी बोलावं.

कंपनीनं प्रस्ताव बदलला. यंत्रं येणार नाहीत. डबा त्यांच्याच देशात बनेल. फोरमनला हवं असेल तर बाहेरच्या पट्ट्या आणि बोल्ट बनवायचं काम मिळेल, त्यासाठी त्यानं लिहून द्यायचं की असा डबा तो स्वतः दुसऱ्या कोणासाठी बनवणार नाही. हे कलम मात्र माझ्या नजरेत आलं. मी फोरमनला म्हणालो, पेटंट गेलं तेव्हा सगळं जग डबा बनवायला मोकळं झालं, त्या जगात तुम्हीही आहात. सही केलीत तर तेवढे तुम्ही एकटेच बाहेर राहाल. फोरमननं विचारलं, "मंग सही नको?" मी म्हणालो, नको. म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला होता, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

सही केली नाही. पट्ट्या-बोल्टांचं काम गेलं. लष्कराकडे तो डबा देण्यासाठी लागणारी यंत्रं फोरमनकडे नव्हती, आणि जर्मन कंपनीकडे होती. शेडमधली दोन माणसं कमी झाली. वहिनी शाळेतल्या मुलींचे गणवेश शिवायला लागल्या. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायचो, आणि टाळतो आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मधूनमधून मुद्दाम जायचो.

असाच एकदा गेलो तेव्हा फोरमन लेथपाशी बसला होता. समोर लाकडी खोका उघडलेला. वर्कशॉपातून दुरुस्तीला आलेला माल होता, कारण नगरात त्याच्याइतका हात कोणाचा नव्हता. खोक्यात चकचकीत हिरवा डबा, वर जर्मन अक्षरं. त्यानं झाकण काढून माझ्याकडे वळवलं. तीच पाती, तेच वळण. एका पात्याचा जोड सुटला होता.

मला बसायला त्यानं स्टूल पुढे केलं. पात्यावरून बोट फिरवत म्हणाला, "वळान बरोबर घेतलंय. जोड कच्चा केलाय." मग विचारलं, "साहेब, दुरुस्त केलं तर चालंल ना? का त्यालाबी कायदा आडवा येतो?"

"चालेल," मी म्हणालो.

त्या सगळ्या प्रकरणात मी दिलेलं हेच मत असं, ज्यात मला काडीची शंका नव्हती. त्यानं चष्मा लावला, जोडावरचा गंज कानशीनं घासायला घेतला, आणि मी स्टुलावर बसून त्याचं काम बघत राहिलो.