पहिला घोट तिचा

आमच्या हिला दारू पिताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आखातात, फुजैऱ्यात, शुक्रवारी सुटीच्या दिवशी, भर दुपारी. अजून आठवलं की हादरतो.

बंदरात मी तेलाच्या पंपांवर फोरमन. आमचा स्कॉटिश साहेब मायदेशी चालला होता. ही त्याला डबा द्यायची, म्हणून त्यानं घरी बाटली पाठवली. मी आपला साधी व्हिस्की, भरपूर बर्फ घालून पिणारा. या बाटलीतल्या व्हिस्कीचा रंग पेंढ्यासारखा फिका. लेबलवर कुठल्या डिस्टिलरीचं नाव नाही, नुसतं कुणा व्यापाऱ्याचं. बर्फ टाकला आणि बघता बघता ग्लास धुरकट झाला.

मी ग्लास लांब सरकवला. गावाकडे हातभट्टी पिऊन माणूस आंधळा झालेला मी पाहिलाय.

"भेसळ आहे. खलास! ओततो मोरीत."

"एवढी वर्षं माझं कालवण खाल्लंय त्यानं. तो विष देईल?"

"तुला काय कळतं दारूतलं?"

तिनं ग्लास उचलला आणि घटाघट अर्धा संपवला. माझा प्यायचा ग्लास घरातल्या भांड्यांना लागू न देणारी बाई!

"आता बसा बघत. मेले तर ओता."

मी खरंच बसलो. तिच्यासमोर बोटं धरली. "किती?"

"दोन. गप्प बसा हो." मग जिभेनं ओठ पुसत म्हणाली, "विझलेल्या होळीसारखा वास आहे. मागून मनुका. बर्फ नका घालू, चवच मरते."

शनिवारी साहेबाला सांगितलं, तर हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, छोटा व्यापारी वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची पिंपं घेतो, मिसळतो, आपल्या नावानं बाटलीत भरतो. सगळी माल्टच, अस्सल जवाची, भेसळ नाही. थंड करून गाळत नाही, म्हणून बर्फानं धुरकटते. "नो आइस! थोडा पानी."

तेव्हापासून शुक्रवारी आधी वास घ्यायचा, थेंबभर पाणी घालायचं आणि पहिला घोट तिचा. "विष बघते," म्हणायची. एका घोटाच्या वर कधी गेली नाही.

यंदा एका सकाळी तांदूळ निवडता निवडता गेली. मी चहा मागितला, उत्तर नाही. पुन्हा मागितला. काही दुखणं नाही, खुपणं नाही, अशी कशी जाते बाई?

काल मुलानं तसलीच बाटली आणली. "पप्पा, ट्राय इट." ओतली. नाकाशी धरली, तर होळीची राख तशीच आली. पाणी घातलं.

ग्लास अजून टेबलावर आहे. माझा हातच जात नाही. तिनं अजून घेतलेली नाही ना.