वाईस बिघडलंय

आमच्या थोरल्या मामांइतका काटेकोर माणूस मावळात दुसरा झाला नाही. कारखान्यातून निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. मामा भंगारातला, लोखंड कातायचा लेथ घेऊन आले आणि वडिवळ्याच्या गोठ्यात म्हशीशेजारी बसवला. ते भाकरीलाही व्हर्नियर लावतात. "सूतभर जाड झालीय," म्हणाले की मामी म्हणते, "मग वाईस घासून खावा." आमच्याकडे वाईस म्हणजे थोडंसं. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाचा हात हलवून त्यांनी सगळ्यांदेखत निकाल दिला होता, "पोरगं चांगलंय, पण मनगटात प्ले हाय." प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा. लग्न झालं. प्ले अजून आहे.

मागे त्यांचा फोन आला, "वाईस बिघडलंय. ये." मला वाटलं, तब्येत थोडी बिघडली. पुण्याहून निघालो आणि कामशेतहून डॉक्टरांना घेऊनच पोचलो. मामा ठणठणीत. बिघडला होता तो त्यांचा मशीनवरचा वाईस, घडवायचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. त्याच्या नटाचे आटे झिजले होते. डॉक्टर चहा पिऊन गेले.

"नवा आणू," मी म्हणालो.

"ह्यो माज्या हाताचा हाय. ह्यो गेला की गोठ्यात नुसती म्हस उरंल."

घरातला पहिला पदवीधर मी, तोही मेकॅनिकलचा. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. मी स्क्रू मोजला, ड्रॉइंग काढलं, आट्यांचं अंतर सहा मिलिमीटर लिहिलं. मी आत जेवत होतो तोवर मामांनी तसाच पितळी नट कापला. तो दोन फेरे गेला आणि अडकला.

"इंजिनेर, ह्यो इंचातला हाय. इंचाला चार आटे."

"मग आधी का नाही बोललात?"

"डिगरी तुजी. म्या कशाला मधी बोलू?"

पितळेचा एकच तुकडा उरला होता. मामांनी लेथच्या हँडलला हात घातला, आणि मला कशाला बोलावलं ते तेव्हा कळलं. हात थरथरत होता. माझी नजर तिथे गेलेली पाहून ते म्हणाले, "तितं काय बघतो? धर हँडल."

मी हँडल धरलं. मामा डोळे मिटून नुसता कापण्याचा आवाज ऐकत होते. "व्हय... व्हय... वाईस आत घे. बास."

नट स्क्रूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मामांनी हलवून पाहिला. "प्ले न्हाई," म्हणाले. माझ्या पदवीला त्यांनी दिलेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

हल्ली अधूनमधून फोन येतो, "वाईस बिघडलंय." काय बिघडलंय, ते मी विचारत नाही. डॉक्टरांना मात्र घेऊन जातो.